तळटीप : ‘इटालियनांची सहा गोळ्यांची रायफल’

इथे अभिप्रेत आहे ती ‘कार्कानो’. तुरिनच्या शस्त्रशाळेतील साल्व्हातोरे कार्कानो यांच्यावरून हे नाव पडले. नमुना १८९१ चा, नळीचा व्यास (कॅलिबर) ६.५ मिमी. सहा काडतुसे धातूच्या पकडीसकट वरून पेटीत बसवायची. बोल्टची मूठ उचलून मागे ओढली की रिकामे टरफल बाहेर पडते. पुढे ढकलून मूठ खाली दाबली की नवे काडतूस नळीत जाऊन बोल्ट पक्का बसतो. सहावे काडतूस नळीत गेल्यावर रिकामी पकड पेटीच्या तळातून आपोआप गळून पडते.

पनवेलपासून पोलादपूरपर्यंतच्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातले अनेक तरुण मराठा पलटणींत भरती झाले. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी पलटण मार्च १९४१ मध्ये एरिट्रियातील केरेनच्या डोंगरांवर याच रायफलींना सामोरी गेली. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे याच पलटणीचे. इटलीत जर्मनांशी लढताना १० जुलै १९४४ रोजी त्यांना वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

युद्धानंतर लष्कराला नकोशा झालेल्या कार्कानो अमेरिकेत टपालाने स्वस्तात विकल्या गेल्या. १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींची हत्या झाली ती अशाच एका रायफलीने. अमेरिकेत या नळीला किंचित बारीक पडणाऱ्या गोळ्या वापरल्या जात, त्यामुळे नेम चुके आणि बंदूक बदनाम झाली. मूळ काडतुसासह ती भरवशाची होती. तेव्हा ‘इटालियनांची भिकार बंदूक’ म्हणून केरेनच्या विजयाचे मोल कमी लेखणे अन्यायाचे ठरेल. — संपादक