न बांधलेल्या रस्त्याची कुळकथा

दक्षिण जर्मनीतल्या व्युर्त्सबुर्गपासून आल्प्सच्या पायथ्याशी असलेल्या फ्युसनपर्यंत जाणारा ‘रोमँटिक रोड’ कोणी बांधलेला नाही. त्याच्यासाठी खडी पडली नाही की पूल उभा राहिला नाही. 1950 साली आउग्सबुर्ग शहरात या पट्ट्यातल्या गावांचे कारभारी एकत्र आले, आधीपासून असलेले रस्ते त्यांनी एका माळेत ओवले, माळेला नाव दिले आणि पाट्या लावल्या. आज ही वाट सुमारे 460 किलोमीटरची आहे. मुंबई-नागपूरचा समृद्धी महामार्ग याहून लांब, पण त्यावर वाटेत थांबावेसे कोणाला वाटत नाही. रोमँटिक रोडवर थांबत थांबत जाणे हाच प्रवास.

गाडी काढायची आणि जुनी शहरे, खेडी, किल्ले बघत रमतगमत जायचे, ही हौस मोटारीइतकी जुनी असणारच. पण अशा हौसेसाठी वाट ठरवून देणे, तिला नाव देऊन ती विकणे, हा उद्योग जर्मनीत रुजला तो 1930 च्या दशकात, आणि त्याचे मूळपुरुष फारसे अभिमानाने सांगण्याजोगे नाहीत. 1933 नंतर बव्हेरियाच्या डोंगरांतून ‘जर्मन आल्पाइन रोड’चे काम नाझी राजवटीने जोरात हाती घेतले. 1935 च्या ऑक्टोबरात फाल्त्स भागात ‘जर्मन वाइन रोड’ सुरू झाला. द्राक्षाचे पीक उदंड आलेले, दारूला उठाव नाही. उठाव नसण्याचे एक कारण राजवटीनेच तयार केले होते: वाइनचा व्यापार ज्यांच्या हातात होता त्या ज्यू व्यापाऱ्यांना बाजारातून हुसकावले जात होते. तेव्हा तिथला नाझी प्रांतप्रमुख योझेफ ब्युर्केल याने द्राक्षमळ्यांतून जाणाऱ्या गावोगावच्या रस्त्यांना एक नाव दिले आणि लोकांना प्यायला बोलावले. गिऱ्हाईक मालाकडे आणण्याची ही युक्ती लागू पडली. ब्युर्केल गेला, राजवट गेली, वाइन रोड अजून चालू आहे.

रोमँटिक रोडचा जन्म युद्धानंतरचा, म्हणजे देशाची अब्रू मातीत गेलेली असतानाचा. व्युर्त्सबुर्गवर 16 मार्च 1945 च्या रात्री ब्रिटिश विमानांनी आगीचे बॉम्ब टाकले. जेमतेम वीस मिनिटांत जुने शहर बेचिराख झाले, पाच हजारांच्या आसपास माणसे गेली. तिथल्या बिशपांच्या प्रासादातला, बाल्टाझार नॉयमान या वास्तुकाराने रचलेला भव्य जिना वाचला आणि त्याच्या वरच्या घुमटाकार छतावरचे चित्रकार टिएपोलोचे अवाढव्य भित्तिचित्रही. म्हणजे ही ‘रोमँटिक’ वाट सुरू होते तीच राखेतून उभारलेल्या शहरात.

पुढचे रोटेनबुर्ग म्हणजे या वाटेचा मुखडा. लाकडी चौकटीची घरे, दोन बुरुजांमधला तो दुभंगणारा उतार, कॅलेंडरांवर शंभरदा पाहिलेला. त्याच्यावरही 31 मार्च 1945 ला बॉम्ब पडले आणि जुन्या गावाचा पूर्वेकडचा मोठा भाग जळाला. उरलेले वाचले ते अमेरिकेच्या युद्धखात्यातल्या जॉन मॅकक्लॉय या अधिकाऱ्यामुळे. त्याच्या आईने हे गाव पाहिले होते आणि घरात गावाचे चित्र होते. त्याने सेनापतीला तोफा न डागण्याची सूचना केली, गाव लढाई न होता शरण आले. तटबंदीचा पडलेला भाग नंतर जगभरच्या देणग्यांतून उभा राहिला. तटावरून चालताना दात्यांची नावे कोरलेले दगड दिसतात, त्यांत जपानी नावेही आहेत.

हाच मॅकक्लॉय 1949 मध्ये पश्चिम जर्मनीत अमेरिकेचा हाय कमिशनर म्हणून आला. याच वाटेवर, आउग्सबुर्गच्या दक्षिणेला, लांड्सबर्ग आहे. तिथल्या तुरुंगात 1924 साली हिटलरने ‘माइन काम्फ’चा पहिला भाग लिहिला होता. युद्धानंतर अमेरिकनांनी त्याच तुरुंगात युद्धगुन्हेगार ठेवले. रोमँटिक रोडच्या पाट्या नव्या कोऱ्या असताना, जानेवारी 1951 मध्ये, मॅकक्लॉयने त्यांच्यातल्या अनेकांच्या शिक्षा कमी केल्या. शेवटच्या सात जणांना त्याच वर्षी 7 जूनला फाशी झाली. एकीकडे ‘या, आमची चित्रासारखी गावे बघा’ आणि त्याच वाटेवर फाशीचा तक्ता. मला तरी या वाटेबद्दलची सर्वांत बोलकी गोष्ट हीच वाटते. त्या काळात बव्हेरियात अमेरिकन सैनिक आणि त्यांची कुटुंबे मोठ्या संख्येने राहत होती, हातात डॉलर होते, सुट्टीला जायला जागा हवी होती. पहिले पाहुणे तेच. त्यांना नाझींच्या आधीचा, गोष्टीतल्यासारखा जर्मनी दाखवायचा होता. रोटेनबुर्गला हे काम नवे नव्हते: नाझी काळातही ते आदर्श जर्मन गावाचा नमुना म्हणून मिरवले गेले होते आणि उरल्यासुरल्या ज्यू रहिवाशांना गावाने ऑक्टोबर 1938 मध्येच हाकलून दिले होते.

मग ही गावे एवढी जुनी राहिली कशी? प्रेमाने जपली म्हणून, असे सांगायला बरे वाटते. खरे कारण दारिद्र्य. रोटेनबुर्ग, डिंकेल्सब्यूल, नोर्डलिंगेन ही एके काळी थेट सम्राटाच्या अखत्यारीतली, व्यापारावर गबर झालेली नगरे. सतराव्या शतकातल्या तीस वर्षांच्या युद्धाने त्यांचे कंबरडे मोडले, व्यापाराच्या वाटा दुसरीकडे वळल्या आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांची स्वायत्तताही जाऊन ती बव्हेरियात विलीन झाली. श्रीमंत शहरांनी तट पाडून रुंद रस्ते काढले; यांच्याकडे तट पाडायलाही पैसा नव्हता. चित्रकार आणि हौशी प्रवासी एकोणिसाव्या शतकात इथे येऊ लागले, तेव्हा गावकऱ्यांना उमगले की आपली गरिबीच आता विकली जाऊ शकते.

नोर्डलिंगेनचा तट आजही सलग आहे; वरून गावाला पूर्ण फेरी मारता येते. पण खरी मौज गावाच्या जमिनीत. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी उल्का आदळून झालेल्या, 24 किलोमीटर रुंदीच्या खळग्यात हे गाव वसले आहे. आपल्या लोणारचा हा थोरला भाऊच. चर्चचा उंच मनोरा त्या आघातात तयार झालेल्या दगडाचा आहे, आणि 1970 मध्ये अपोलोचे अंतराळवीर अशा खडकांची ओळख करून घ्यायला इथे आले होते. त्याच मनोऱ्यावरून रात्री दहा ते बारा राखणदार अर्ध्या अर्ध्या तासाने अजून हाळी देतो.

वाटेवरची सगळी परंपरा मात्र इतकी जुनी नाही. 1631 मध्ये रोटेनबुर्गच्या माजी नगराध्यक्षाने सव्वातीन लिटर दारू एका दमात पिऊन शत्रूच्या सेनापतीकडून गाव वाचवले, ही कथा रंगमंचावर आली 1881 मध्ये. आणि वाटेच्या शेवटचा नॉयश्वानस्टाइन? मध्ययुगीन किल्ला म्हणून लोक त्याच्यासमोर फोटो काढतात. त्याचा पाया बव्हेरियाचा राजा लुडविग दुसरा याने 1869 मध्ये घातला. आत वाहते पाणी होते, गरम हवेने खोल्या उबदार ठेवण्याची सोय होती. लढाईशी त्याचा संबंध नाही. जून 1886 मध्ये राजाचा गूढ मृत्यू झाला आणि ऑगस्टपासून तिकीट लावून राजवाडा लोकांना खुला झाला. ज्या राजाला लोकांचे तोंड पाहायला नको होते, त्याच्या दिवाणखान्यातून आता रांगा सरकतात.

रोमँटिक रोडला पुढे भावंडे झाली. 1954 मध्ये ‘कॅसल रोड’ आला, 1975 मध्ये ग्रिम बंधूंच्या कथांचा ‘फेअरी टेल रोड’. जर्मनीत अशा वाटा आता दीडशेच्या आसपास आहेत, आणि त्यांतल्या निम्म्या तरी ओढूनताणून जन्माला घातल्या असाव्यात असे माझे मत. जपान्यांना मूळ वाट इतकी आवडली की त्यांनी आपल्या देशातही एक ‘रोमँटिक’ रस्ता आखला. वेळ कमी असेल तर नॉयश्वानस्टाइन गाळा, पण आउग्सबुर्गची फुगेराय गाळू नका. याकोब फुगर या सावकाराने 1521 मध्ये गरिबांसाठी ही वसाहत वसवली. गरजू कॅथलिक कुटुंबे आजही तिथे वर्षाला 88 सेंट भाड्यात राहतात. अट एवढीच की रोज दात्यांसाठी तीन प्रार्थना म्हणायच्या.

आता घरची गोष्ट. जुलै 2025 मध्ये पॅरिसला झालेल्या युनेस्कोच्या एकाच बैठकीत लुडविगचे राजवाडे जागतिक वारशाच्या यादीत गेले आणि मराठ्यांचे बारा किल्लेही. त्यांतले अकरा महाराष्ट्रात. लुडविगचा राजवाडा देखावा म्हणून बांधला. साल्हेर, रायगड, सिंधुदुर्ग लढण्यासाठी उभे राहिले. बागलाणातल्या साल्हेरपासून मालवणपर्यंत गाडीने जायला रस्ते आजही आहेत. वाटेवर जुन्नर आहे, महाड आहे, हर्णै आहे, पन्हाळा आहे. नवा द्रुतगती मार्ग, नवी कमान, नवा काँक्रीटचा दरवाजा यांची काही गरज नाही. या गावांच्या नगराध्यक्षांनी आणि सरपंचांनी एकदा एका टेबलाभोवती बसावे, सगळ्यांनी मिळून एकसारख्या पाट्या लावाव्यात, मुक्कामाच्या आणि जेवणाच्या जागा एका पत्रकात छापाव्यात. आउग्सबुर्गला 1950 मध्ये जमलेल्या कारभाऱ्यांकडे याहून जास्त भांडवल नव्हते.