सर्दी-ॲलर्जीची गोळी घेताय? आधी हे वाचा

मळणीची धूळ किंवा गाजर गवताचे परागकण नाकात गेले की शिंका सुरू होतात, नाक गळतं, डोळे खाजतात. मग मेडिकलमधून सर्दीची गोळी आणली जाते. या गोळीत बऱ्याचदा दोन औषधं एकत्र असतात. क्लोरफेनिरामाइन शिंका आणि खाज कमी करतं, पण झोप आणतं. फिनाइलएफ्रिन चोंदलेलं नाक मोकळं करण्यासाठी असतं, पण त्याने बीपी वाढू शकतं, छातीत धडधडू शकतं.

आधी डॉक्टरांना कोणी विचारावं?
• बीपी, हृदयविकार, शुगर, थायरॉईड असलेल्यांनी
• काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी (लघवी अडकू शकते)
• गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या महिलांनी
• झोपेची किंवा मानसिक आजाराची गोळी चालू असलेल्यांनी

ही काळजी घ्या
• गोळी घेतल्यावर मोटारसायकल, ट्रॅक्टर, कडबाकुट्टी चालवू नका. दारू टाळा.
• पाकिटावर पॅरासिटामॉल लिहिलंय का बघा. असेल तर तापाची वेगळी गोळी घेऊ नका. डोस जास्त झाल्यास लिव्हरला धोका असतो.
• ही औषधं 4 वर्षांखालील मुलांना देऊ नका. तसा इशारा छापण्याचे आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी 2023 मध्ये दिले आहेत. मोठ्यांची गोळी अर्धी करूनही देऊ नये.

छातीत दुखलं, धाप लागली, चेहरा सुजला किंवा लघवी बंद झाली तर थांबू नका. 108 ला फोन करा किंवा लगेच जवळचा दवाखाना गाठा.