शाळेतील जेवण : उरलेले, उष्टे आणि खरकटे

मुलांना शाळेत काय वाढले जाते, याची चर्चा आपल्याकडे वारंवार होते. खिचडीचा दर्जा कसा होता, अंडी द्यावीत की देऊ नयेत, शाळेच्या उपाहारगृहात वडापाव असावा की नसावा, या प्रश्नांवर मतेही हिरिरीने मांडली जातात. मात्र वाढलेल्यापैकी मुलांच्या पोटात प्रत्यक्ष किती गेले, हे क्वचितच विचारले जाते. वास्तविक पोषणाचा आणि नासाडीचा असे दोन्ही हिशेब एकाच ठिकाणी, म्हणजे जेवण संपल्यानंतरच्या ताटात सापडतात.

वाया जाणाऱ्या अन्नासाठी मराठीत तीन वेगळे शब्द आहेत. पातेल्यात शिल्लक राहते ते उरलेले, ताटात टाकून दिले जाते ते उष्टे आणि भांडी धुताना निघणारी शिते म्हणजे खरकटे. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या कोणालाही हा फरक समजावून सांगावा लागत नाही. शाळेच्या जेवणाबाबत मात्र हे तिन्ही एकाच बादलीत जाते आणि 'वाया गेले' एवढीच त्याची नोंद होते. या तिघांची कारणे निराळी आहेत, म्हणून उपायही निराळे आहेत.

गोदामांच्या गावातील मुले

मुंबई-नाशिक महामार्गावर ठाण्याहून भिवंडीकडे जाताना लागणारे मानकोली आज गोदामांसाठी ओळखले जाते. मानकोली, वळ, दापोडे, पूर्णा, राहनाळ, काल्हेर या पट्ट्यात भातशेतीच्या जागी मालाची कोठारे उभी राहिली. जेथे तांदूळ पिकत होता, तेथे आता बाहेरून आलेला माल साठवला आणि पुढे पाठवला जातो. मूळच्या आगरी कुटुंबांच्या शेजारी परप्रांतांतून तसेच राज्याच्या इतर जिल्ह्यांतून आलेल्या कामगारांची कुटुंबे राहतात. तालुक्यातील वीटभट्ट्यांवर दिवाळीनंतर मजूर येतात आणि पावसाळ्यापूर्वी परततात. त्यामुळे एकाच वर्गात तांदळाच्या भाकरीवर वाढलेले मूल, गव्हाच्या रोटीची सवय असलेले मूल आणि दोन-तीन महिन्यांनी गाव बदलणारे मूल शेजारी शेजारी बसलेले असू शकते.

शाळेतील जेवणाच्या तीन तऱ्हा या परिसरात काही किलोमीटरच्या अंतरात आढळतात. ग्रामीण भागातील जिल्हा परिषदेच्या शाळांत आहार शाळेतच शिजतो. महापालिकेच्या हद्दीत अनेक ठिकाणी तो केंद्रीय स्वयंपाकगृहातून गाडीने येतो. खासगी शाळांतील मुले घरचा डबा आणतात. या तिन्ही ठिकाणी अन्न वाया जाते, परंतु वेगवेगळ्या कारणांनी.

हक्काचे जेवण

शालेय आहाराची राष्ट्रीय योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. त्यापूर्वी तामिळनाडूने १९५६ मध्ये कामराज यांच्या कारकिर्दीत आणि पुढे १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांच्या काळात असा प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला होता. आरंभी अनेक राज्यांत विद्यार्थ्यांना शिजवलेल्या अन्नाऐवजी कोरडे धान्य मिळत असे. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या हक्कासंबंधीच्या याचिकेत अंतरिम आदेश दिला. सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांतील प्रत्येक मुलाला वर्षातून किमान २०० दिवस, किमान ३०० उष्मांक आणि ८ ते १२ ग्रॅम प्रथिने असलेले शिजवलेले जेवण द्यावे, असे न्यायालयाने बजावले. २००६ मध्ये प्राथमिक वर्गांसाठी हे प्रमाण ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने असे वाढवण्यात आले. उच्च प्राथमिक वर्गांसाठी ते ७०० उष्मांक व २० ग्रॅम आहे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने या जेवणाला कायद्याचा आधार दिला. २०२१ पासून योजनेचे नाव 'प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण' असे आहे.

पहिली ते पाचवीच्या मुलासाठी रोजचे प्रमाण १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ वा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल असे आहे. यातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने साधारणतः मिळतात, पण ताट पूर्ण संपले तरच. मुलाने एक-तृतीयांश जेवण टाकले, तर त्याच्या पोटात ३०० उष्मांक आणि ८ ग्रॅम प्रथिने जातात. म्हणजे २००६ मध्ये कागदावर वाढवलेले प्रमाण ताटात पुन्हा २००१ च्या किमान मर्यादेवर येते. उष्ट्यात डाळ आणि भाजीच जास्त असेल, तर प्रथिने व जीवनसत्त्वांची घट याहूनही मोठी असते.

ही घट परवडणारी नाही. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशातील ५ ते ९ वर्षे वयाच्या सुमारे २४ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. जवळपास तितकीच मुले वयाच्या मानाने कृश होती. ज्या घरांतून आई-वडील दोघेही पहाटे कामावर जातात, तेथील मुलाचे दिवसातील पहिले पोटभर जेवण शाळेतच होते.

पातेल्यात उरते ते

उरलेल्या अन्नाचे मूळ बहुधा मोजणीत असते. पटावर ६० मुले असतील आणि हजर ४२ असतील, तर तांदूळ कोणत्या आकड्यावर मोजायचा? हजेरी घेण्यापूर्वीच तांदूळ भिजत पडला, तर उरणारच. सणाचा दिवस, बाजाराचा दिवस, मुसळधार पाऊस, वीटभट्टीवरून परतणारी कुटुंबे यांमुळे उपस्थिती बदलते आणि हे बदल बऱ्याच अंशी आधी ओळखता येतात. शाळेतच स्वयंपाक होत असेल, तर हजेरीनंतर धान्य मोजणे शक्य असते. केंद्रीय स्वयंपाकगृहाला मात्र आकडा पहाटेपूर्वी लागतो. तेथे आदल्या दिवशीची सरासरी आणि सकाळी लवकर कळवलेली दुरुस्ती यांचा मेळ घालावा लागतो. शिवाय गाडी वाहतुकीत अडकली की खिचडी थिजते आणि थिजलेली खिचडी पातेल्यातच राहते.

न वाढलेले, झाकून ठेवलेले गरम अन्न इतरांना देता येते. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने अतिरिक्त अन्नाच्या संकलनासाठी आणि वाटपासाठी २०१९ मध्ये विनियम केले आहेत. मात्र येथे घाई आवश्यक आहे. शिजलेला भात उबदार हवेत तासन्तास राहिला, तर त्यात विषबाधा करणारे जिवाणू वाढतात आणि त्यांचे विष पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. म्हणून दुपारचा भात संध्याकाळी वाटणे म्हणजे दान नव्हे. ताटातील उष्टे तर कोणालाही देऊ नये.

ताटात पडते ते

उष्ट्याची पहिली तक्रार प्रमाणाची असते. पहिली आणि पाचवी यांच्यासाठी प्रमाण एकच आहे. १०० ग्रॅम तांदळाचा शिजून सुमारे २५० ते ३०० ग्रॅम भात होतो. त्यात डाळ व भाजी मिळवली, की सहा वर्षांच्या मुलाला हे एका बैठकीत संपवणे जड जाते. दहा वर्षांच्या मुलाला तेच कमी पडू शकते. दोघांना एकाच डावाने एकदाच वाढले, की एकाचे उष्टे पडते आणि दुसरा अर्धपोटी उठतो. आपल्या पंगतीची जुनी रीत येथे उपयोगी पडते : आधी थोडे वाढावे, पुन्हा विचारावे आणि मागेल त्याला वाढावे.

दुसरे कारण तोचतोचपणा. अनेक वर्षे शालेय आहार आणि खिचडी हे समानार्थी शब्द झाले होते. जून २०२४ मध्ये राज्याने पाककृतींची यादी विस्तारली आणि त्यात मोड आलेल्या मटकीची उसळ, मूग-शेवगा वरण व भात, चवळीची खिचडी, सोयाबीन पुलाव, नाचणी सत्त्व असे पदार्थ आले. जानेवारी २०२५ मध्ये मात्र अंडा पुलाव, खीर आणि नाचणी सत्त्व यांचा स्वतंत्र खर्च थांबवून ते लोकसहभागावर सोपवण्यात आले. १ मे २०२५ पासून प्राथमिक वर्गांसाठी केंद्राने ठरवलेला साहित्याचा दर प्रतिताट ६ रुपये ७८ पैसे झाला. तांदूळ वेगळा मिळतो, पण डाळ, भाजी, तेल, मसाला व इंधन एवढ्यातच बसवायचे असते. अशा पैशात विविधता आणायची तर हंगामी आणि स्थानिक भाजीशिवाय पर्याय नाही. शेवग्याचा पाला, लाल भोपळा, अंबाडी, वाल हे ठाणे जिल्ह्याच्या ओळखीचे जिन्नस आहेत. भाजीचे मोठे तुकडे मुले वेचून बाजूला काढतात, तीच भाजी बारीक चिरून डाळीत शिजवली तर खाल्ली जाते.

तिसरे कारण अविश्वास. १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामण येथे कीटकनाशकमिश्रित तेलात शिजवलेले शाळेतील जेवण खाऊन २३ मुलांचा बळी गेला. अशा घटनांनंतर पालक 'शाळेत खाऊ नकोस' असे सांगतात, यात नवल नाही. शिक्षकाने आधी चव घेऊन मगच वाढावे, हा २०१५ च्या नियमांतील दंडक म्हणूनच महत्त्वाचा आहे. आळीपाळीने पालकांनीही चव घेतली, तर हा विश्वास वाढतो. पोषणमूल्यवर्धित तांदूळ शाळांत आला, तेव्हा शंभरात एक या प्रमाणात मिसळलेले त्याचे दाणे 'प्लास्टिकचे' समजून फेकून दिले गेले. लोहयुक्त दाणा वाढायचा तर तो काय आहे, हे आधी सांगावे लागते.

चौथे कारण वेळेचे. जेवण आणि खेळ एकाच सुट्टीत असतील, तर मूल जेवण उरकून मैदानाकडे धावते. अमेरिकेच्या यूटा राज्यातील काही प्राथमिक शाळांत खेळाची सुट्टी जेवणाआधी ठेवली, तेव्हा फळे व भाज्या खाण्याचे प्रमाण ५४ टक्क्यांनी वाढल्याचे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. या बदलाला पैसा लागत नाही, वेळापत्रक तेवढे बदलावे लागते.

डबा परत येतो तेव्हा

खासगी शाळेतील मुलाच्या डब्यावर सरकारी प्रमाण लागू नाही, तरी दोष तेच आहेत. मोठ्यांच्या भुकेच्या अंदाजाने भरलेला डबा १५ मिनिटांच्या सुट्टीत संपत नाही. सकाळी सहाला लाटलेली पोळी दहापर्यंत चिवट होते. भेंडी वा कोबी नकोशी वाटते आणि शेजारच्या दुकानातील चटकदार पुडी हवीशी वाटते. शाळेच्या उपाहारगृहांत अतिरिक्त मेद, मीठ व साखरयुक्त पदार्थांना राज्याने मे २०१७ मध्ये मनाई केली. २०२० च्या केंद्रीय विनियमांनी ती शाळेच्या प्रवेशद्वारापासून ५० मीटरपर्यंत नेली. नियम आहेत, परंतु मुलाच्या खिशातील दहा रुपयांवर त्यांचा अंमल चालत नाही.

डब्यासाठी काही साध्या गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. डब्यात एक धान्य, एक डाळ वा कडधान्य आणि एक भाजी वा फळ असावे. मुगाचे धिरडे, नाचणीचे घावन, शेवग्याचा पाला घातलेले थालीपीठ, मटकीची कोरडी उसळ हे पदार्थ थंड झाल्यावरही खाता येतात. शेंगदाणा-गुळाचा लाडू बिस्किटांपेक्षा केव्हाही बरा. उसळीवर लिंबू पिळल्यास लोहाचे शोषण सुधारते. दमट हवेत ओल्या नारळाची चटणी लवकर आंबते, ती टाळावी. आठवड्याचा बेत मुलाला विचारून ठरवावा.

डबा भरलेला परत आला म्हणून रागावू नये. रागावल्यास मूल पुढच्या वेळी तो रिकामा करूनच आणते, पण अन्न पोटाऐवजी कचऱ्याच्या टोपलीत गेलेले असते. परत आलेला डबा हा मुलाने दिलेला निरोप असतो. तो वाचता आला पाहिजे.

खरकटे आणि परसबाग

शेवटी उरते ते खरकटे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेले. भारतीय घरांतील नासाडी दरडोई वर्षाला सुमारे ५५ किलो इतकी अंदाजण्यात आली. कचराभूमीवर कुजणारे अन्न मिथेन वायू सोडते. शाळेत मात्र हाच ओला कचरा खत होऊ शकतो. तेलकट शिजलेले अन्न थेट खड्ड्यात टाकल्यास दुर्गंधी व उंदीर येतात. त्यावर पालापाचोळा आणि माती यांचा थर द्यावा. पोषण योजनेत शालेय परसबागेला प्रोत्साहन आहेच. त्या खतावर वाढलेली मेथी किंवा शेवगा मुलांनी स्वतः तोडला, की ती भाजी ताटात टाकली जाण्याचा संभव कमी होतो. जपानमध्ये १९५४ पासून शालेय भोजनाचा कायदा आहे. तेथे मुलेच पांढरे अंगरखे घालून वर्गात अन्न वाढतात व नंतर आवरतात. जेवण हा तेथे शिक्षणाचाच भाग मानला जातो.

आधी वजन, मग उपाय

यासाठी मोठ्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. एक वजनकाटा, दोन बादल्या आणि एक वही पुरेशी आहे. एका बादलीत उरलेले, दुसरीत उष्टे. दोन आठवडे रोज वजन, हजेरी आणि पदार्थ यांची नोंद करावी. समजा, २०० मुलांच्या शाळेत प्रत्येकी ५० ग्रॅम उष्टे पडते. म्हणजे दिवसाला १० किलो आणि २०० दिवसांत २ टन शिजलेले अन्न. उरलेल्याचे वजन जास्त निघाले, तर दोष मोजणीचा वा वाहतुकीचा. उष्ट्याचे जास्त निघाले, तर प्रमाण, चव किंवा वेळ तपासावी. शाळा व्यवस्थापन समितीत पालक बहुसंख्य असतात. ही वही त्यांच्या बैठकीत वाचली गेली पाहिजे.

एक दक्षता मात्र घ्यावी. आकडा कमी दिसावा म्हणून मुलांवर ताट चाटूनपुसून संपवण्याची सक्ती करू नये, तसेच कमी शिजवून बचत दाखवू नये. पातेले रिकामे आणि मूल उपाशी, हे नासाडी थांबल्याचे लक्षण नव्हे. मुलाच्या भुकेइतके वाढलेले आणि त्याने आवडीने संपवलेले ताट हेच या हिशेबाचे खरे उत्तर आहे.