नळदुर्गचा पाणी महाल आणि दोन केव्हीएचा जनरेटर

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचा लिखित मजकूर. बोलण्याची ढब तशीच ठेवली आहे.)



आजचा भाग एका श्रोत्याच्या व्हॉइस नोटवरून सुचला. चार मित्र, भाड्याची कॅम्पर व्हॅन, मे महिना आणि तुळजापूर, नळदुर्ग, परांडा असा प्लॅन. व्हॅनवर एक टनाचा एसी आहे. प्रश्न असा, की "दादा, दोन केव्हीएचा छोटा जनरेटर सोबत घेतला तर रात्रभर एसी चालेल का?"

उत्तर एका वाक्यात देता आलं असतं. पण ज्या नळदुर्गला ही पोरं निघालीत, तिथं हा प्रश्न चारशे वर्षांपूर्वीच कुणीतरी हातात घेतला होता, आणि तोही विजेशिवाय. म्हणून जरा लांबून येऊ.

धाराशिव जिल्हा बालाघाटच्या पठारावर आहे. उंची साधारण ६५० मीटर, हवा कोरडी, आणि मे महिन्यात पारा चाळिशीच्या पुढे. काळा दगड दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत ऊब सोडत राहतो. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर नळदुर्गचा किल्ला लागतो. बोरी नदी किल्ल्यातूनच नेलेली आहे आणि तिच्यावर दगडी बंधारा आहे. हा बंधारा दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातला, १६१३ चा. बांधणारा म्हणून मीर इमादीनचं नाव सांगितलं जातं. या बंधाऱ्याच्या पोटात, म्हणजे अक्षरशः भिंतीच्या जाडीत, खोल्या काढल्यात. तोच पाणी महाल.

पावसाळ्यात पाणी बंधाऱ्यावरून दोन धारांनी कोसळतं. लोक त्यांना नर आणि मादी म्हणतात. तुम्ही आत उभे असता, पाणी डोक्यावरून जाऊन समोर पडतं, आणि अंगावर थेंब येत नाही. रील्समध्ये पाहिलं असेल. पण माझ्यातला इंजिनिअर इथं थोडा कुरकुर करतो. धबधबा सुरू होतो तेव्हा उन्हाळा संपलेला असतो! मग मे महिन्यात त्या खोल्या कशाच्या जोरावर गार? तर जाड काळ्या दगडाच्या जोरावर. एवढ्या जाड भिंतीला दुपारचं ऊन आतपर्यंत पोचवायला फार वेळ लागतो, तेवढ्यात रात्र होते. वरच्या अंगाला साठलेलं पाणी असेल तर तेही उष्णता पोटात घेतं. एक वॉटसुद्धा न खर्चता. अर्थात बंधारा बांधताना माणसं आणि बैल किती राबले असतील, तो हिशोब वेगळा.

मधली दोनशे चाळीसेक वर्षं सोडून देऊ. १८५३ मध्ये निजामानं काही मुलूख इंग्रजांकडे दिला, त्यात नळदुर्गही होतं. तिथला अधिकारी म्हणून फिलिप मेडोज टेलर आला. 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' लिहिणारा तोच. त्या काळचे अधिकारी थंडीत तंबू ठोकत जिल्हाभर फिरायचे, उन्हाळा आला की दगडी घरात परतायचे. म्हणजे आपले हे मित्र मे महिन्यात जे करणार आहेत ते साहेब लोक टाळायचे.

घरात राहणाऱ्या साहेबांच्या गारव्याची साधनं दोन. एक वाळ्याचे पडदे. खिडकीत लावायचे, त्यावर पाणी मारत राहायचं, वारा आत येताना गार आणि सुगंधी होऊन येतो. दुसरं म्हणजे छताला टांगलेला कापडी पंखा. त्याची दोरी भिंतीतल्या भोकातून बाहेर व्हरांड्यात, आणि दोरीच्या टोकाला एक माणूस. दिवसभर, रात्रभर. माणूस सतत काम करताना साधारण ७५ ते १०० वॉट देतो. एक टनाच्या साध्या एसीला हजार-बाराशे वॉट लागतात. म्हणजे तुमच्या बेडरूमचा एसी चालवायला व्हरांड्यात एक डझन माणसं राबवावी लागतील, आणि रात्रभर एकाच पाळीत कुणी टिकत नाही म्हणून आणखी तेवढीच. पंखा ओढताना डोळा लागला म्हणून साहेबानं मारहाण केली आणि त्यात माणूस मेला, अशी प्रकरणं ब्रिटिश कोर्टांत गेलेली आहेत. शिक्षा बहुतेक वेळा किरकोळच व्हायची.

गारवा आत, आणि त्याची किंमत मोजणारा भिंतीपलीकडे. ही रचना लक्षात ठेवा, ती पुढे पुन्हा भेटणार आहे.

आता 'टन' या शब्दाकडे. एक टनाचा एसी म्हणजे त्याचं वजन टनभर नाही, हे माहीत असेल. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता खेचून घेतो, तेवढी खेचणारं यंत्र म्हणजे एक टनाचं. हा टन अमेरिकी, म्हणजे ९०७ किलोचा. हे माप आलं कारण एसीच्या आधी बर्फाचा धंदा होता. अमेरिकेतल्या तळ्यांतला बर्फ जहाजानं १८३३ मध्ये कलकत्त्याला आणि पाठोपाठ मुंबईलाही यायला लागला. १९०२ मध्ये विलिस कॅरिअरनं ब्रुकलिनच्या छापखान्यासाठी हवेतली दमटी काढणारी यंत्रणा आखली. तिथून पुढची गोष्ट सगळीकडे सापडते, म्हणून मी पुढे जातो.

छोटा जनरेटर त्यापेक्षा बराच नंतरचा. होंडानं १९६५ मध्ये ई-३०० हा हातात उचलून नेता येईल असा जनरेटर आणला. नावातच क्षमता आहे, ३०० व्होल्ट-अँपिअर. म्हणजे दिवे, रेडिओ, फार तर छोटा टीव्ही. भारतात श्रीराम होंडा ही कंपनी १९८५ मध्ये सुरू झाली आणि ही छोटी यंत्रं आपल्या बाजारपेठांत शिरली. तिकडे हे सहलीचं सामान होतं. आपल्याकडे ते दुकानाचं सामान झालं.

माझ्या वयाच्या मराठवाड्यातल्या पोरांना वेगळं सांगायला नको. दाभोळचा वीज प्रकल्प २००१ मध्ये बंद पडला, मागणी वाढत गेली, आणि २००५ पासून पुढची काही वर्षं गावांमध्ये बारा-बारा तास लोडशेडिंग. वीज गेली की दोन मिनिटांत बाजारपेठ फटफट आवाजानं भरून जायची. झेरॉक्सवाला, मोबाइल रिपेअरवाला, मेडिकल, सगळ्यांच्या पायरीवर साखळीनं बांधलेलं एकेक यंत्र. पेट्रोलवर सुरू करायचं आणि गरम झालं की रॉकेलवर टाकायचं. दुकानात उजेड, फुटपाथवर धूर. आलं ना परत? त्याच सुमारास पुण्यात, २००६ मध्ये, कारखान्यांनी आपले मोठे जनरेटर गर्दीच्या तासांत चालवायचे, वाचलेली वीज शहराला द्यायची आणि जादा खर्च शहरातल्या ग्राहकांकडून घ्यायचा अशी योजना झाली. पुणं लोडशेडिंगमधून सुटलं. हुशार योजना होती, नाही म्हणत नाही. पण ती चालायला शहरात कारखाने हवेत आणि पैसे मोजणारे ग्राहक हवेत. आमच्याकडे यातलं काय होतं?

तर त्या पायरीवरच्या जनरेटरवर पंखा चालायचा, ट्यूब चालायची, झेरॉक्स मशीन कुंथत का होईना चालायचं. एसी चालायचा नाही. का, हे समजायला इंजिनिअरिंगची डिग्री लागत नाही, शेतात मोटर असली की पुरे.

शेतात वीज येते कधी? पाळीनं, बऱ्याचदा रात्री. अंधारात विहिरीवर जायला नको म्हणून शेतकरी ऑटोस्विच बसवतो. वीज आली की मोटर आपोआप सुरू. एका डीपीवरच्या पंधरा-वीस शेतकऱ्यांनी हेच केलं, की वीज येताक्षणी सगळ्या मोटरी एकदम उठतात आणि डीपी जळते. त्याच मोटरी एकेक करून लावल्या असत्या तर डीपीनं निवांत ओढल्या असत्या. थांबलेली मोटर ही विजेच्या दृष्टीनं जवळपास नुसती तांब्याची गुंडाळी असते. ती फिरायला लागेपर्यंत नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. अर्ध्या सेकंदाचा मामला, पण तेवढ्यात व्हायचं ते होतं.

एसीच्या कॉम्प्रेसरमध्येही मोटरच असते. साधा एक टनाचा एसी चालू असताना पाच-सहा अँपिअर घेतो, उठताना पंचवीस-तीस मागतो. दोन केव्हीएचा जनरेटर २३० व्होल्टवर देणार साडेआठ-पावणेनऊ अँपिअर. त्यातून धाराशिवची उंची. हवा विरळ झाली की इंजिनाची ताकद दर ३०० मीटरला साधारण साडेतीन टक्के घटते, म्हणजे इथं सात-आठ टक्के गेलेच. वर चाळीस अंशांची हवा. मग काय होतं? कॉम्प्रेसर 'हूं' करून अडकतो, जनरेटरचा आवाज बसतो, व्होल्टेज कोसळतं आणि ट्रिप. नाही झालं ट्रिप, तर वाइंडिंग तापत राहतं. लो व्होल्टेजला हूं करत राहिलेली मोटर पुढे काय करते ते तुमच्या काकांना विचारा.

यावर तोडगा जपानमधून आला, १९८० च्या आसपास. इन्व्हर्टर एसी. नाव फसवं आहे, घरच्या बॅटरीवाल्या इन्व्हर्टरशी याचा संबंध नाही. हा मोटरीला एकदम धक्का देत नाही, हळूहळू वेग वाढवत नेतो, आणि खोली गार झाली की बंद न पडता मंद चालतो. म्हणजे वीस शेतकऱ्यांनी आपापसात ठरवून एकेक मोटर लावावी तसं. जुन्या एसीला सॉफ्ट स्टार्टर नावाची डबी जोडूनही बरंचसं हेच साधतं. तेव्हा श्रोत्याच्या प्रश्नाचं विजेपुरतं उत्तर असं: एक टनाचा इन्व्हर्टर एसी दोन केव्हीएवर चालेल, साधा बहुतेक उठणारच नाही. पेट्रोल तासाला अर्धा ते पाऊण लिटर धरा. आठ तासांचं किती ते तुम्हीच काढा.

पण विजेपुरतं उत्तर पुरत नाही.

२३ डिसेंबर २०२४. केरळमध्ये वडकरा इथं हायवेच्या कडेला एक कॅरॅव्हॅन बराच वेळ उभी होती. उघडून पाहिलं तर आत दोन माणसं मेलेली. आत एसी, आणि त्यासाठी गाडीचा जनरेटर चालू ठेवलेला. एनआयटी कालिकतच्या तज्ज्ञांनी गाडीची चाचणी घेतली. जनरेटरच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड गाडीच्या तळातल्या फटीतून आत आला होता. याला वास नाही, रंग नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पटींनी घट्ट धरतं. माणूस गुदमरून उठून बसतो असं काही होत नाही. डोकं जड होतं, झोप आणखी गाढ होते. आणि एसी चालू म्हणजे काचा बंद.

महाराष्ट्रानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. अशा गाड्या वाढणार, चांगलंच आहे. पण भाड्याच्या गाडीत मागून जोडलेला जनरेटर कुणी, कसा बसवलाय, धुराची नळी कुठं निघते, तळाला भोकं कुठं पाडलीत, हे गाडी घेताना कुणी विचारत नाही. ब्लूटूथ स्पीकर आहे का, हे विचारतात.

म्हणून मित्रा, तुझ्यासाठी नीट सांगतो. जनरेटर गाडीच्या आत, खाली, टपावर कुठंही नको. लांब केबल घे, तो वीसेक फूट दूर ठेव, वारा गाडीकडून त्याच्याकडे वाहत असेल अशा बाजूला. शेजारी दुसरा कुणाचा तंबू नाही ना, तेही बघ. धूर तुमच्यापासून लांब गेला म्हणजे तो संपला असं नाही. कार्बन मोनॉक्साइडचा बॅटरीवर चालणारा अलार्म मिळतो, तो झोपायच्या जागेजवळ लाव. तो वाजला तर आधी सगळे बाहेर, मग चर्चा.

आणि अजून एक पर्याय, जो मला स्वतःला जास्त पटतो. कूलर. धाराशिवची मे महिन्यातली हवा कोरडी आहे, म्हणून इथं कूलर मुंबईपेक्षा कितीतरी चांगला चालतो. वाळ्याच्या पडद्याचंच ते पोर. छोट्या कूलरला दीडशे-दोनशे वॉट लागतात. तेवढं चांगल्या बॅटरीवर रात्रभर भागतं, जनरेटरची गरजच नाही. वर कूलरला खिडकी उघडी लागते, तोही फायदाच धरा.

फक्त त्याला पाणी लागतं. एक टन एसीइतकी उष्णता बाष्पीभवनानं घालवायची तर तासाला साधारण पाच लिटर पाणी उडतं. आठ तासांचे चाळीस. एका बाजूला चार ते सहा लिटर पेट्रोल, दुसऱ्या बाजूला चाळीस लिटर पाणी. पुण्यात बसून हे गणित अगदी सोपं वाटतं. पण शेजारच्या लातूरला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, आणि आमच्या कित्येक गावांत मे महिना म्हणजे टँकरची वाट बघणं. तेव्हा ते चाळीस लिटर पुण्याहूनच भरून घे. गावात शिरल्यावर हापशाला कॅन लावू नकोस.