आधी कार्ड, मग कापड

सुरतेहून भुसावळकडे जाणारी ताप्ती खोऱ्याची रेल्वे उधन्याला मुख्य मार्गापासून फुटते. याच मार्गाने धुळे, नंदुरबार, जळगावची माणसं आली आणि उधन्याशेजारच्या लिंबायतमध्ये मोठ्या संख्येने स्थिरावली. इथे गुजरातीइतकीच मराठी आणि अहिराणी कानी पडते. पोट बहुतेकांचं कापडावर: यंत्रमाग, डाइंग मिल, साड्यांचं मार्केट.

या धंद्यातलं सगळ्यात डोकेबाज यंत्र म्हणजे जेकार्ड. खरं तर ते स्वतः डोकं मुळीच चालवत नाही. कारागीर आधी चौकटीच्या कागदावर नक्षी रंगवतो आणि आडव्या धाग्यागणिक पुठ्ठ्याचं एक कार्ड टोचलं जातं. भोक असेल तिथे सुई आत शिरते, तिचा हूक वर जातो आणि ताण्याचे धागे उचलले जातात. भोक नसेल तिथे धागे खालीच राहतात. कार्डं दोरीने ओवून शेवटचं पहिल्याला बांधलं, की नक्षी हवी तितकी फिरत राहते. माग सुरू होण्याआधीच सगळे निर्णय झालेले असतात.

यंत्राला नाव मिळालं ते फ्रान्सच्या ल्यों शहरातल्या जॅकार्ड या विणकराचं, साल 1804. पण त्याच्याही आधी, 1725 मध्ये, बूशों नावाच्या कारागिराने भोकांची कागदी पट्टी वापरली होती. आपल्याकडे बनारसचे नक्शाबंद तर दोऱ्यांतच नक्षी बांधून ठेवत. 1839 मध्ये जॅकार्डचं रेशमी चित्र विणायला 24,000 कार्डं लागली. त्याची एक प्रत संगणकाचा आराखडा मांडणाऱ्या चार्ल्स बॅबेजने जपून ठेवली होती.

तीच पूर्वतयारी पुढे सी प्लस प्लस या संगणकीय भाषेच्या टेम्प्लेटमध्ये, म्हणजे कोडच्या साच्यात, दिसते. कोणत्या नावाला कोणतं मूल्य, असा तक्ताही प्रोग्रॅम चालण्याआधी, तो यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरच्या हातीच तयार करता येतो. टेम्प्लेटला नेहमीचं लूप नसतं. ते दरवेळी एकेक पायरी कमी करत स्वतःलाच पुन्हा बोलावतं. 1994 मध्ये एर्विन उन्रूह यांनी भाषेच्या समितीपुढे असा प्रोग्रॅम ठेवला, की तो कंपाइलच होत नव्हता, पण कंपायलरच्या चुकांच्या संदेशांतून मूळ संख्या बाहेर पडत होत्या!

मागाला अशी तक्रार करता येत नाही. एक भोक चुकलं, तर तो दर फेरीला तीच चूक इमानेइतबारे विणतो आणि ती ताक्यावरच कळते.

1983 साली मिलानच्या प्रदर्शनात बोनास कंपनीने इलेक्ट्रॉनिक जेकार्ड मांडलं. तशा मागावर कार्डांच्या जागी डिझाइनची फाइल असते. चुकीचा ठिपका आता पडद्यावरच खोडता येतो. त्यासाठी नवा पुठ्ठा टोचावा लागत नाही.