शिवणयंत्र आणि पोलादाची सहाण

दिवाळी तोंडावर आली की पूर्वी आपल्याकडे घरोघर शिवणयंत्राची खडखड सुरू व्हावयाची. झबली, परकर, उशांचे अभ्रे यांपलीकडे त्या यंत्राचा काही संसार असेल, असे कोणाच्या मनातही येत नसे. पण कारखान्यातला ग्राइंडिंगचा कारागीर ज्या दोन गोष्टींवर विसंबतो, ते त्याचे यंत्र आणि त्याचे माप, त्या दोहोंच्या जन्मकथेत हे शिवणयंत्र येऊन बसले आहे.

पहिली कथा अमेरिकेतली. प्रॉव्हिडन्स गावचा ब्राउन अँड शार्प हा कारखाना १८५८ पासून विलकॉक्स अँड गिब्ज यांच्यासाठी शिवणयंत्रे बनवू लागला. सुई ज्या दांडीला बसवितात ती सारखी वरखाली होते. मऊ असली तर झिजून जावयाची. म्हणून तिला पाणी द्यावे लागे. पण पाणी दिलेले पोलाद कडक होते तसे किंचित वाकडेही होते, आणि मग लेथचे हत्यार त्याला दाद देत नाही. उपाय एकच. सहाणेवर चंदन उगाळतो तसे ते फिरत्या दगडावर थोडे थोडे उगाळावयाचे! जोसेफ ब्राउन यांनी आधी लेथलाच असा दगड जोडून काम भागविले. पुढे १८७६ साली त्यांचे स्वतंत्र ग्राइंडिंग यंत्र सिद्ध झाले. त्याच वर्षी ते वारले.

यंत्र आले खरे. पण घासून वस्तू नेमकी किती उरली, हे कोणी सांगावयाचे?

येथे दुसरी कथा सुरू होते. स्वीडनमधल्या एस्किल्स्टुना गावच्या सरकारी बंदूक-कारखान्यात कार्ल एडवर्ड योहान्सन नावाचे एक कारागीर होते. जर्मनीतल्या माउझर कारखान्यात त्यांनी मापाच्या पट्ट्यांचा ढीगच पाहिला : जितकी मापे, तितक्या पट्ट्या. १८९६ च्या सुमारास आगगाडीने घरी परतताना त्यांनी हिशेब मांडला, की अवघ्या १०२ पट्ट्या पुरतील. ३७.८६ मिलिमीटर हवे आहेत? मग २५, ११.५ आणि १.३६ या तीन पट्ट्या एकत्र करा. अशा रीतीने एक मिलिमीटरपासून २०१ पर्यंत, शतांशाच्या टप्प्याने, वीस हजार मापे मिळतात.

हिशेब सोपा, हात अवघड. आपल्या सुताराचे सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. येथे प्रश्न मिलिमीटरच्या सहस्रांशाचा. अशी कामगिरी करणारे यंत्र योहान्सन यांच्याजवळ नव्हते. म्हणून त्यांनी पत्नीचे शिवणयंत्र घेतले, त्यालाच ग्राइंडिंगचे यंत्र बनविले, आणि नोकरीहून आल्यावर घरीच पट्ट्या घासावयास बसले. इतिहासकार ही हकीकत एका ओळीत उरकतात. मला मात्र त्या माउलीच्या औदार्याचे नवल वाटते. सणाच्या तोंडावर आपल्याकडे कोणा नवऱ्याने हा बेत काढून पाहावा!

या कामात ऊब हा वैरी. शंभर मिलिमीटरची पट्टी एका अंशाने तापली, की मिलिमीटरच्या सहस्रांशाहून थोडी अधिकच वाढते. घासताना ती तापते, हातात धरली तरी तापते. घासावे, निवू द्यावे, मापावे, पुन्हा घासावे, असा हा धीराचा धंदा. पृष्ठभाग साधला की दोन पट्ट्या एकमेकींवर सरकवताच अशा चिकटतात, की सहज सुटत नाहीत.

१९०१ मध्ये पेटंट मिळाले आणि पट्ट्या जगभर गेल्या. पुण्या-चिंचवडच्या टूलरूममध्ये लाकडी पेटीत जपून ठेवलेले 'स्लिप गेज' ते हेच. १९२३ साली खुद्द हेन्री फोर्डने योहान्सन यांना अमेरिकेत नेले. १९३६ पर्यंत ते तेथे होते.

आणखी एक गंमत सांगावयाची राहिली. इंग्रजांचा इंच आणि अमेरिकनांचा इंच यांत तेव्हा बारीक फरक होता. इंचाच्या पट्ट्या करताना योहान्सन यांनी कोणाचीच बाजू घेतली नाही; वीस अंश उष्णतेला २५.४ मिलिमीटर म्हणजे एक इंच, असे त्यांनी १९१२ साली आपल्यापुरते ठरविले. ते १९४३ मध्ये वारले. १९५९ साली इंग्लंड-अमेरिकेसह सहा देशांनी इंच कायम केला, तो २५.४ मिलिमीटरचाच.