टाकाऊ लहरींची गोष्ट

श्रोतेहो, छंद म्हणजे रिकामपणचा उद्योग, असं आपण सहज म्हणतो. पण ऐका. १९१२ साली अमेरिकन कायद्याने हौशी बिनतारीवाल्यांसाठी २०० मीटर व त्याखालच्या लहरी तेवढ्या ठेवल्या. त्या लांब जात नाहीत, असा जाणत्यांचा समज! मंडळी रात्री जागून खटपट करीत राहिली. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्सच्या लेऑन देलुआंनी सुमारे १०० मीटरवरून अमेरिकेतील फ्रेड श्नेल यांच्याशी कडकट्ट संकेतांत संभाषण केले. टाकाऊ लहरींनी अटलांटिक ओलांडला!

पुढे २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली, तेव्हा भारती प्रसाद आपले यंत्र घेऊन पोर्ट ब्लेअरलाच होत्या. टेलिफोन मुके झाले. कितीकांची खुशाली घरी कळली ती या छंदामुळे.

गुरुजी, एखादं पोर तारा जोडत बसलं, तर रागावू नका बरं! असा छंद जन्मभर पुरतो.